शरद ऋतूतील ॲस्टर आणि म्हैसूरची बाग

उद्यान म्हणजे ऋतूंचे पंचांग होय असे मानले, तर दक्षिणेकडील पुष्कळ घरगुती बागांत या पंचांगाचे आश्विन-कार्तिकाचे पान कोरेच राहिलेले आढळते. पावसाळी फुलांचा बहर ओसरलेला असतो आणि हिवाळी फुलांची रोपे अद्याप वाफ्यांत रुजत असतात. मधल्या या पाच-सहा आठवड्यांची उणीव बाजारातून आणलेल्या कुंड्यांनी भरून काढण्याची प्रथा सर्वत्र रूढ झालेली आहे. ही उणीव जमिनीत कायमच्या वसलेल्या एखाद्या वनस्पतीकडून भरून निघणे शक्य नाही काय, असा प्रश्न विचारावयास हवा. त्याचे एक उत्तर बहुवर्षायू ॲस्टर हे आहे. मात्र हे उत्तर विलायती पुस्तकांतून जसेच्या तसे उचलून चालत नाही, आणि तसे उचलल्यामुळेच या सुंदर फुलझाडाविषयी येथे निराशा पसरलेली आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास म्हैसूर शहरातील नजरबाद हा भाग विशेष सोयीचा आहे. टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस जुन्या म्हैसूरचा किल्ला पाडून त्याच्याच दगडांनी शेजारी हे नवे ठाणे उभारण्यास आरंभ केला. १७९९ मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर तेच दगड म्हैसूरच्या किल्ल्यासाठी परत नेण्यात आले आणि ठाण्याचे केवळ नाव मागे उरले. राजवाडा, प्राणिसंग्रहालय आणि कारंजी तलाव यांच्या सान्निध्यामुळे या परिसराला झाडाफुलांचे वातावरण लाभलेले आहे. दसऱ्यात तर सारे शहरच फुलांनी नटते, आणि राजवाड्याच्या परिसरातील कुप्पण्णा उद्यानात, म्हणजेच निशात बागेत, पुष्पप्रदर्शन भरते. प्रदर्शनाच्या शोभेत उणे काढण्याचे कारण नाही. परंतु उत्सव संपताच त्या हजारो कुंड्यांतील वर्षायू रोपांचे आयुष्यही संपत येते, आणि पुढील वर्षी बी, माती, पाणी व श्रम यांचा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. सार्वजनिक उद्यानाला हा खर्च एकवेळ झेपेल, परंतु घरापुढील चार हातांच्या वाफ्याला तो झेपत नाही.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. येथील बाजारात ज्याला नुसते ‘ॲस्टर’ म्हणतात ते बहुधा चिनी ॲस्टर असते. त्याचे शास्त्रीय नाव कॅलिस्टेफस चायनेन्सिस. ते मूळचे चीनमधील असून वर्षायू आहे, म्हणजे बी धरले की ते मरते. बहुवर्षायू ॲस्टर ही वेगळी वनस्पती होय. फुले येऊन गेल्यावर तिची खोडे वाळतात, परंतु बुंध्याशी नवे मुनवे फुटतात आणि गड्डा वर्षानुवर्षे जगतो. चिनी ॲस्टर विकत घेऊन ‘झाड जगले नाही’ असे म्हणणाऱ्या गृहस्थाचा दोष इतकाच की, त्याला नावाने फसविले. लिनीयसने १७५३ मध्ये ॲस्टर ही प्रजाती शास्त्रात रूढ केली तेव्हा तिच्यात पुढे जुन्या व नव्या दोन्ही जगांतील शेकडो जाती गोळा होत गेल्या. १९९४ मध्ये गाय नेसम या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर अमेरिकेतील जाती वेगळ्या काढल्या, आणि त्यांतील बागेत लोकप्रिय असलेल्या बहुतेक जाती आता सिंफियोट्रायकम या प्रजातीत घालतात. बागेतील माणसाने मात्र त्यांना ॲस्टर म्हणण्यास हरकत नाही. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘तारा’ असा आहे, आणि फुलाकडे पाहताच तो पटतो.

ज्याला एक फूल म्हणून ओळखतात ते वास्तविक अनेक लहान पुष्पकांचे स्तबक असते. मध्यभागी पिवळी बिंबपुष्पके आणि कडेने जांभळी, निळसर, गुलाबी वा पांढरी किरणपुष्पके अशी त्याची रचना असते. सूर्यफूल, शेवंती आणि भाद्रपदात सह्याद्रीचे माथे पिवळे करणारी सोनकी ही सारी याच कुलातील होत. बिंबपुष्पके कडेकडून आत क्रमाने उमलत जात असल्याने एकाच स्तबकावर मधमाश्या व फुलपाखरे अनेक दिवस येत राहतात. इतर फुले विरळ झालेली असताना हा मधाचा पुरवठा विशेष मोलाचा ठरतो.

युरोपात हे झाड ‘मायकेलमस डेझी’ या नावाने प्रसिद्ध आहे. संत मायकेलचा सण २९ सप्टेंबरला येतो, आणि त्या सुमारास ते फुलते. सणाची तारीख सौर पंचांगात ठरलेली आणि झाडाचा बहरही सूर्याच्याच गतीवर अवलंबून, म्हणून तेथे या दोहोंची सांगड सहज बसली. म्हैसूरचा उत्सव मात्र आश्विनाच्या तिथींवर चालतो. विजयादशमी २०२३ मध्ये २४ ऑक्टोबरला, २०२४ मध्ये १२ ऑक्टोबरला आणि २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला आली. केवळ दोन वर्षांत सण बावीस दिवसांनी अलीकडे सरकला. चंद्रावर चालणाऱ्या सणाला सूर्यावर चालणाऱ्या झाडाने दरवर्षी नेमके गाठावे ही अपेक्षाच अशास्त्रीय आहे. कुंडीतील वर्षायू रोपांची पेरणी मागेपुढे करून ती पुरविता येते, परंतु वाफ्यातील बहुवर्षायू झाडाला ती लागू करणे अन्यायाचे होईल.

झाड सूर्याचे वेळापत्रक कसे ओळखते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. गार्नर व ॲलर्ड या अमेरिकी संशोधकांनी १९२० मध्ये दाखवून दिले की, अनेक वनस्पतींचा बहर दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. या गुणधर्माला दीप्तिकालिता म्हणतात. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर व बॉनर यांच्या प्रयोगांवरून असे दिसून आले की, वनस्पती वस्तुतः अखंड अंधाराची लांबी मोजते. रात्रीच्या मध्ये थोडा वेळ जरी प्रकाश पडला, तरी तिचा हिशेब चुकतो. बागेतील अमेरिकी वंशाच्या ॲस्टरच्या बाबतीत ही क्रिया दोन टप्प्यांत होते. दिवस लांब असताना खोड उंच वाढते, आणि दिवस लहान होऊ लागले की शेंड्यांवर कळ्या धरतात.

आता आकडे पाहावेत. लंडन येथे सर्वांत मोठा दिवस सुमारे १६ तास ३८ मिनिटांचा आणि सर्वांत लहान ७ तास ५० मिनिटांचा असतो. पुण्यास सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. म्हैसूर सुमारे १२.३ उत्तर अक्षांशावर असल्याने तेथील सर्वांत मोठा दिवस सुमारे १२ तास ५० मिनिटांचा, तर सर्वांत लहान सुमारे ११ तास २५ मिनिटांचा भरतो. वर्षभरातील एकूण फरक दीड तासाहूनही कमी! इंग्लंडमध्ये छातीइतके वाढणारे झाड म्हैसुरात गुडघ्याच्या आसपास का अडखळते, आणि एकदम भरघोस फुलण्याऐवजी थोडे थोडे का फुलते, याचे मुख्य कारण या आकड्यांत आहे. माळ्याचा हात वाईट नसतो वा मातीही दोषी नसते; झाडाला वाढण्यास जो लांब दिवस हवा तो त्या अक्षांशावर उगवतच नाही. विषुववृत्ताजवळील देशांत व्यापारासाठी ॲस्टर लावणारे शेतकरी याच कारणास्तव वाढीच्या पहिल्या काळात रात्री विजेचे दिवे लावून दिवस कृत्रिमरीत्या लांबवितात आणि नंतर दिवे बंद करून कळ्या धरवितात.

घरगुती बागेतही हे तत्त्व अल्प खर्चात वापरता येते. नवी फूट दिसू लागल्यावर काही आठवडे वाफ्यावर संध्याकाळनंतर तीन-चार तास एखादा दिवा तेवत ठेवला, तर खोडे उंच होण्यास मदत होते. ऑगस्टपासून मात्र त्याच वाफ्याला पूर्ण अंधार मिळाला पाहिजे. रस्त्यावरील दिव्याखाली लावलेले झाड कळ्या धरण्यास उशीर करते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नजरबादसारख्या रात्रीही उजळलेल्या वस्तीत जागेची निवड करताना दुपारच्या उन्हाइतकाच रात्रीच्या उजेडाचा विचार करावा लागतो.

पावसाचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. पश्चिम घाटाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे म्हैसुरात जून ते ऑगस्ट या महिन्यांत कोकणासारखी झड लागत नाही. तेथे पावसाचा जोर मे महिन्यात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात असतो, म्हणजे ऐन बहराच्या वेळी सरी कोसळतात. म्हणून वाफा जमिनीपासून वीतभर उंच असावा, मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे आणि दोन झाडांत एक ते दीड फूट अंतर ठेवावे. दाटी झाली की वारा खेळत नाही व पानांवर भुरी पडते. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. जून-जुलैत शेंडे एकदोन वेळा खुडल्यास झाड पसरट होते, फांद्या वाढतात आणि पावसाच्या माराने आडवे पडत नाही. बहर संपल्यावर खोडे जमिनीलगत छाटावीत. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून त्याचे भाग करावेत, कडेचे जोमदार मुनवे पुन्हा लावावेत आणि मधला जून, काष्ठमय भाग टाकून द्यावा. एका घराचे मुनवे दुसऱ्या घरी जावेत ही या झाडाची रीतच आहे, आणि त्यासाठी बाजारात जावे लागत नाही.

या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, चिनी ॲस्टरवर पुष्कळ शेतकऱ्यांची उपजीविका चालते, मग त्याला पर्याय कशाला? हा आक्षेप गैरसमजावर आधारलेला आहे. हार व गुच्छ यांसाठी चिनी ॲस्टर हवेच. बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने त्याचे ‘कामिनी’, ‘पूर्णिमा’, ‘शशांक’ यांसारखे वाण दिले, तर महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातील गणेशखिंड केंद्रातून ‘फुले गणेश’ मालिकेतील वाण आले. शेतातील पीक आणि अंगणातील झाड यांची प्रयोजने भिन्न आहेत. वास्तविक या कामगिरीवरून एवढेच दिसते की, मन लावून निवड केली तर परदेशी फूलही या हवेला रुळते. तेच लक्ष बहुवर्षायू ॲस्टरकडे अधिक प्रमाणात वळावे, आणि निवडीची कसोटी ‘लहान दिवसांतही उंच वाढणारे व भुरीला दाद न देणारे’ अशी असावी.

दुसरा आक्षेप असा की, शेवंतीसारखे ओळखीचे बहुवर्षायू फूल असताना या परक्याची गरज काय? शेवंतीचा मान कोणी हिरावून घेत नाही. परंतु निळा-जांभळा रंग शेवंतीजवळ नाही, आणि ॲस्टर सर्वस्वी परकेही नाही. युरोपातील उद्यानप्रेमी ज्याला अत्युत्तम मानतात तो फ्रिकार्ट ॲस्टर हा संकर स्वित्झर्लंडमधील फ्रिकार्ट नावाच्या रोपवाटिकाकाराने १९२० च्या सुमारास केला. त्याचे एक जनक युरोपातील ॲस्टर अमेलस असून दुसरे ॲस्टर थॉमसोनाय हे पश्चिम हिमालयातील आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख राहिलेले टॉमस टॉमसन यांचे नाव त्याला दिलेले आहे. दीर्घकाळ फुलणे व भुरीला दाद न देणे हे त्या संकराचे गुण जगाने वाखाणले. हिमालयातील थंडीत वाढणारी ही जात म्हैसुरात तशीच रुजेल असे समजणे भाबडेपणाचे होईल. परंतु येथल्या भूमीतील रानफुलावर परदेशात संकराचे प्रयोग व्हावेत आणि येथे मात्र त्याचे नावही ठाऊक नसावे, ही स्थिती शोभादायक नव्हे.

म्हैसूर संस्थानाला उद्यानविद्येची जी परंपरा लाभली तिच्यात या विचाराला आधार सापडतो. जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबीगल १८९३ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाड महाराजांच्या सेवेत रुजू झाले आणि १९०८ मध्ये तेथून म्हैसूर संस्थानात बंगळूरच्या लालबागेवर आले. वर्षाच्या प्रत्येक काळात कोणता ना कोणता वृक्ष बहरात असावा अशा क्रमाने रस्त्यांकडेला झाडे लावण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. वृक्षांना लावलेले हेच तत्त्व वाफ्यांनाही लावले पाहिजे. उत्सवाच्या दहा दिवसांत बाग किती भरली यावरून तिची परीक्षा होऊ नये. बारा महिन्यांच्या क्रमात कोणता दुवा तुटतो आणि तो कोण जोडतो हे पाहावे.

तात्पर्य, नजरबादच्या अंगणांत आणि आसपासच्या सार्वजनिक उद्यानांत बहुवर्षायू ॲस्टरला कायमचा एक वाफा मिळावा. त्याशेजारी एक वही असावी, आणि तीत कळी कधी धरली, पहिले फूल कधी उमलले, पाऊस किती दिवस लागला व जवळचा दिवा रात्री किती वेळ जळत होता याची नोंद दरवर्षी व्हावी. शाळेतील मुलांनाही हे काम सहज करता येईल. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदींतून म्हैसूरच्या अक्षांशाला साजेसे ॲस्टर कोणते, याचे उत्तर कोणत्याही आयात केलेल्या पुस्तकापेक्षा अधिक खात्रीने मिळेल. कुप्पण्णा उद्यानातील प्रदर्शनात कुंड्यांच्या रांगांबरोबर अशा एखाद्या वहीलाही जागा द्यावी, म्हणजे पाहणाऱ्यास फुलाबरोबर त्याचे वेळापत्रकही घरी नेता येईल.