छप्पन फुटांचा संसार

“जागा पुरत नाही हो!” दिल्लीत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. हिंदूरावच्या दाट वस्तीत तर विचारायलाच नको. ज्यांच्यावरून या भागाला नाव पडले ते हिंदूराव घाटगे मराठी सरदार होते, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. टेकडीवर त्यांचा ऐसपैस वाडा होता. आज तिथे त्यांच्याच नावाचे रुग्णालय आहे. आपल्या वाट्याला वाडा नव्हे, दोन खोल्या आल्या. म्हणूनच आज त्याहूनही लहान घराविषयी बोलू या. हे घर जेमतेम छप्पन फूट लांबीचे आहे आणि तेही पाण्यावर तरंगणारे!

गोव्यात मांडवी नदीच्या पात्रात दिवाडी नावाचे बेट आहे. जुन्या गोव्याहून तिथे फेरीबोटीने जावे लागते. फेरी चुकली की काठावर थांबायचे. विसरलेली वस्तू धावत जाऊन आणता येत नाही, हे बेटावरच्या माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. याच बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका तयार झाली आणि २००९च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचा. त्यासाठी पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१०मध्ये मुंबईला परतले. असे करणारे ते पहिले भारतीय ठरले.

एवढे महिने त्या नौकेत संसार चालतो तरी कसा? शिडाची नौका वाऱ्याने एका अंगावर कलते आणि दिवसचे दिवस तशीच चालते. म्हणून स्वयंपाकाची शेगडी दोन खिळींवर झुलती टांगलेली असते. नौका कलली तरी भांडे सरळ राहते. कपाटांना कडी हवीच, नाहीतर डबे अंगावर येतात. झोपणारा पडू नये म्हणून बिछान्याच्या कडेला कापडाचा आडोसा बांधतात. गोडे पाणी जपून वापरायचे, धुणीभांडी शक्यतो समुद्राच्या पाण्यात करायची. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, कारण वादळी रात्री अंधारात हात घातला की दोरी, विजेरी, औषध जागच्या जागी सापडले पाहिजे. तिथे पसारा हा गबाळेपणा ठरत नाही, तो जिवावर बेतू शकतो.

ही झाली एकट्याची गोष्ट. पण माणसे सहा असली तर? १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ या तशाच नौकेतून नौदलाच्या सहा तरुणी गोव्याहून निघाल्या. वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता होत्या. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, त्या परतल्या. नौकेत रुसून बसायला दुसरी खोली नसते. पहारा पाळीपाळीने करायचा. आपल्या पाळीला उठायला उशीर झाला, तर दुसरीची झोप मोडते. घरात आपण ‘मीच का करू?’ म्हणतो. नौकेत त्याचे उत्तर लगेच मिळते, कारण तुम्ही केले नाही, तर ते तुमच्याच सोबतिणीला करावे लागते.

जानेवारी २०१८मध्ये केप हॉर्नला वळसा घालून या तरुणी फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ले बंदरात आल्या. साऱ्या बेटांची वस्ती सुमारे साडेतीन हजार, आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. वारा इतका की झाडे फारशी वाढत नाहीत. बऱ्याच वस्तू बाहेरून जहाजाने येतात. नौका धक्क्याला लागली तरी घर तेच राहते. शिधा भरायचा, शिडे शिवायची, यंत्रे तपासायची. अशा ठिकाणी दुकानांपेक्षा माणसांचाच आधार मोठा असतो. बेटावर राहायचे तर आधी बेटवाल्यांशी नीट बोलायला शिकावे लागते.

आणि घरच मोडले तर? सप्टेंबर २०१८मध्ये एका जागतिक शर्यतीत अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी वादळात मोडली. पाठीला जबर दुखापत होऊन ते पडून राहिले. आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगुकिन यांच्याही नौकेची डोलकाठी मोडली होती. तरीही त्यांनी कामचलाऊ शीड उभारून नौका टॉमींच्या दिशेने वळवली. अखेर एका फ्रेंच जहाजाने टॉमींना वाचवून ॲमस्टरडॅम या चिमुकल्या बेटावर पोचवले. एकट्याने राहणाऱ्यालाही शेजार लागतोच, हे यावरून दिसते.

उद्या आपली मुलगी म्हणाली, ‘मलाही असे जायचे आहे,’ तर आई-वडिलांनी काय करावे? भीती वाटणारच, आणि ती खोटी नाही. पण लगेच ‘नाही’ म्हणण्याआधी तिची तयारी पाहावी. ती आपली वस्तू जागेवर ठेवते का? सांगितलेल्या वेळी उठते का? बिघडलेले दुरुस्त करायला बसते का? वेळ आली, तर माघार घेऊ शकते का? परतीच्या वाटेवर सुकाणूत बिघाड झाला, तेव्हा ‘तारिणी’ नाइलाजाने मॉरिशसला वळली होती. दुरुस्ती करून मगच पुढे निघाली. त्यात त्या तरुणींना कमीपणा वाटला नाही. पुढे २ ऑक्टोबर २०२४ रोजी याच नौकेतून दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या आणि मे २०२५मध्ये प्रदक्षिणा पुरी करून आल्या.

समुद्रावर कुणी जावो न जावो, ही तयारी दोन खोल्यांच्या घरातही उपयोगी पडते. या रविवारी सगळ्यांनी मिळून प्रत्येक वस्तूची जागा ठरवून पाहा आणि घरातल्या कामांच्या पाळ्या कागदावर लिहा. त्यात बाबांचे आणि दादाचेही नाव असू द्या.