आळशी नव्हे, आजारी

घरचा कर्ता माणूस पंचेचाळिशी ओलांडतो आणि हळूहळू गप्प होतो. दुकानात लक्ष नाही, साध्या हिशेबाला तास लागतो, बोलावल्याशिवाय जागचा हलत नाही. घरचे म्हणतात, आळस भरलाय. शेजारी म्हणतात, कुणीतरी काहीतरी केलंय. अशांपैकी अगदी थोड्यांना ‘कॅडासिल’ हा मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो.

हे नाव १९९३ मध्ये रूढ झाले. १९९६ मध्ये फ्रेंच संशोधकांनी त्याचे मूळ, म्हणजे १९ व्या गुणसूत्रावरील नॉच-३ या जनुकातील दोष, शोधून काढला. या दोषाने बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायूपेशी झिजतात आणि मेंदूच्या आतल्या भागाला रक्त कमी पडते. आई किंवा वडील, एकाकडून दोष आला तरी पुरे. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो वा मुलगी.

बऱ्याच जणांत तिशीच्या आसपास अर्धशिशी सुरू होते. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाश दिसतो, हाताला मुंग्या येतात. पुढे रक्तदाब, साखर ठीक असूनही पक्षाघाताचे लहान झटके येतात. महिनाभरात हात सुधारतो आणि सगळे विसरतात. मग चाल बिघडते, लघवीची घाई होते, विचार मंदावतात.

माझ्या मते सर्वांत जाचक लक्षण म्हणजे निरुत्साह. हात लुळा पडला तर लोक खुर्ची पुढे करतात. इच्छाच लुळी पडली तर टोमणे मारतात. ही नेहमी उदासीनता असतेच असे नाही. रोग्याला स्वतःला फारसे दुःख नसते, कुढते ती बायको. तिला एवढेच सांगतो : एका वेळी एकच काम द्या, कागदावर लिहून द्या, घाई करू नका. आणि पैशाच्या व्यवहारावर दुसऱ्या कुणाची नजर असू द्या.

रोग बरा करणारे औषध आज नाही. पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना झटका लवकर येतो, तेव्हा ती आजच सोडावी. रक्तदाब ताब्यात ठेवावा. अर्धशिशीसाठी अर्गोटामिनच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नयेत, त्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. आणि डॉक्टरने “वडील कशाने गेले?” विचारले तर “म्हातारपणाने” म्हणून मोकळे होऊ नका. पंचावन्न हे काही म्हातारपण नव्हे!

एम. आर. आय. वरून संशय येतो, खात्री जनुक तपासणीने होते. धडधाकट शाळकरी मुलाची ही तपासणी मात्र बापाने करवून आणू नये. उपाय नसताना ते ओझे त्याच्या डोक्यावर कशाला? सज्ञान झाल्यावर, नीट समजून घेऊन त्यानेच ठरवावे. नको म्हणाला तर तो त्याचा हक्क. लग्नाच्या बोलणीत मात्र घरातला आजार लपवू नये, असे माझे मत आहे. काही वडीलधारे यावर रागावतात. रागावोत बापडे.