अखेरची सेवा

मृत्यूचा उच्चारही घरात अशुभ मानावा, अशी आपली जुनी रीत आहे. ‘सिक्स फीट अंडर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेने मात्र मृत्यूलाच घरात आणून बसविले. अ‍ॅलन बॉल यांनी निर्माण केलेली ही मालिका २००१ ते २००५ या काळात ६३ भागांत दाखविली गेली. लॉस एंजेलिस येथील फिशर कुटुंबाचा अंत्यविधीचा व्यवसाय हा तिचा विषय. वर कुटुंबाचे बिऱ्हाड, तर खाली तळघरात शवे अंत्यदर्शनासाठी सिद्ध करण्याची जागा! पहिल्याच भागात पिता अपघातात मरण पावतो आणि व्यवसायाचा भार दोघा पुत्रांवर येऊन पडतो.

परक्यांच्या शोकावर आपला चरितार्थ चालविणे हे निष्ठुरपणाचे नव्हे काय, असे कोणी विचारील. माझे मत निराळे आहे. अपघाताने विद्रूप झालेला चेहरा शक्य तितका पूर्ववत करून आप्तांना अखेरचे दर्शन घडविणे, ही मोल घेऊन केली तरी सेवाच होय. मालिका प्रौढांसाठी आहे. परंतु हा बोध विद्यार्थ्यांनीही अवश्य घ्यावा.

राजा हरिश्चंद्राची कथा ऐकताना आपण सद्गदित होतो. पण आज चिता रचणाऱ्या वा कबर खणणाऱ्या माणसाला मात्र उंबऱ्याबाहेरच उभे करतो. स्मशानात राबणाऱ्या राजाला वंदन आणि तेच काम करणाऱ्या मजुराचा विटाळ, ही विसंगती आपणांस शोभत नाही. ज्याच्या हातून आपला शेवटचा प्रवास व्हावयाचा, त्याला निदान ‘या, बसा’ म्हणण्याइतके सौजन्य आपण दाखविलेच पाहिजे.