‘किरकोळ’ रकान्यातला पैसा

१९८२ साली मी बँकेत नुकताच लागलो होतो. पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात झाली. शाखेसमोरच टपाल कचेरी होती. महिन्याच्या दहा तारखेनंतर तिच्या ओट्यावर बायकांची गर्दी होई आणि पुढच्या दोन दिवसांत आमच्याकडे म्हशीच्या, मोटारीच्या कर्जाचे हप्ते जमा होत. आमच्या खतावणीत ती शेतीकर्जाची वसुली होती. प्रत्यक्षात तो पैसा मुंबईच्या मशीद बंदरात कुणीतरी पाठीवर पोती वाहून मिळवलेला असे.

कर्जाच्या अर्जात रकाने पुष्कळ होते. क्षेत्र किती, विहीर आहे का, पीक कोणते, जामीनदार कोण. अगदी तळाशी ‘इतर उत्पन्न’ असा एक अरुंद रकाना होता. त्यात आम्ही सवयीने ‘किरकोळ’ असे लिहीत असू. त्या एका शब्दाची लाज मला आज वाटते.

कारण जे तेव्हा किरकोळ म्हटले, ते आता देशाच्या आकडेवारीत ठळक झाले आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१२-१३ मध्ये शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होते. त्यात पिकांचे ३,०८१ आणि मजुरी-पगाराचे २,०७१. पुढे २०१८-१९ च्या पाहणीत एकूण उत्पन्न १०,२१८ रुपये झाले, पण पिकांचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. म्हणजे शेतकरी म्हणून ज्याची नोंद होते, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येऊ लागला. शेती घराला पोसते, हे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. पुष्कळ घरांत आता घरच शेतीला पोसते आहे.

हे वाईटच आहे असे मी म्हणणार नाही. ज्या घरात महिन्याला ठरावीक रक्कम येते, त्या घराला सावकाराचे दार लवकर आठवत नाही. भाव पडला तर तो शेतकरी माल महिनाभर घरात ठेवू शकतो. शेजाऱ्याला मात्र खळ्यावरूनच विकावा लागतो. पहिला पेरा वाया गेला तर दुबार पेरणीचे बियाणे पगारातून येते. विहिरीचे दोन परस आणखी खोल जाणे, ठिबकची नळी, मुलीचे कॉलेज, हे सारे मी त्याच पैशातून झालेले पाहिले आहे.

हा आधार तुटला की काय होते, तेही त्याच वर्षी पाहिले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. घाटावरचे नि कोकणातले कामगार गावी परतले. शेतात हात वाढले, तेव्हा पीकही वाढायला हवे होते. पण खताला रोकड नव्हती आणि खाणारी तोंडे वाढली होती. आमच्या शाखेत त्या वर्षी थकबाकीची यादी लांबली. पाऊस त्याला जबाबदार नव्हता. ओट्यावरची गर्दी ओसरली होती.

पण हाच पैसा शेतीला सैलही करतो. कोकणात जाऊन पाहावे. भाताला चिखलणी, लावणी, कापणी अशी ठरावीक दिवसांत माणसे लागतात आणि माणसे तर मुंबईत. मग मळे पडीक राहतात, बांध ढासळतात. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि आंबा-काजूची कलमे डोंगरावर चढली. पगारदार मालकाला झाड परवडते, कारण ते सुट्टीची वाट पाहू शकते. बागेत राखणीला नेपाळी माणूस असतो, मालक मे महिन्यात येतो. यात चूक कुणाची नाही, पण शेताला रोज पाहणारा डोळा उरला नाही.

जिथे तो डोळा उरला आहे, तिथे बहुतेक वेळा तो बाईचा आहे. माझ्या टेबलासमोर एकदा अशीच एक बाई येऊन बसली. नवरा मुंबईत माथाडी, सासरा अंथरुणाला, अडीच एकर ती एकटी करत होती. तिला मोटारीसाठी कर्ज हवे होते. सातबारा नवऱ्याच्या नावावर. मी नियमाप्रमाणे म्हणालो, “बाई, मालकांना घेऊन या.” ती म्हणाली, “सायेब, आमचं मालक येत्यात जत्रंला, दोन दिसांचं पावनं. वाफसा काय त्यांची वाट बघतोय व्हय?”

मालक जत्रेला आले, सही झाली. तोवर उन्हाळी भुईमुगाचा हंगाम हातचा गेला होता. नियम माझा नव्हता, पण वर एक टिपण पाठवून विचारणे माझ्या हातात होते. ते मी केले नाही.

मला वाटते, सारा प्रश्न इथेच आहे. बाहेरचा पैसा शेत तारतो की पडीक पाडतो, हे रकमेवर फारसे अवलंबून नसते. गावात राहणाऱ्या माणसाला निर्णयाचा हक्क आहे की नाही, यावर असते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन नवऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला सांगितले, त्याला तीन दशके उलटून गेली. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या दर शंभर वहितीदारांत स्त्रिया चौदाही भरल्या नाहीत. पैसा आता फोनवरून क्षणात पोचतो. हुकूमही त्याच फोनवरून येतो.

ही पुरवणी वाचणाऱ्या पुष्कळांचे नाव कुठल्या ना कुठल्या सातबाऱ्यावर असेल. गावी कुणी भावजय, कुणी काकी ते शेत राखत असेल. आपण पैसे पाठवतो, म्हणून शेत आपण चालवतो असे समजू नये. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आधी तिला विचारा, काय पेरायचे आहे. आणि तलाठ्याकडे जाणार असाल, तर तिलाही बरोबर घ्या.