व्हिक्टोरियन काळातले कपडे शिकवताना खिसेही मोजूया



व्हिक्टोरियन काळातली वेशभूषा म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर काय येतं? बाईचा जमिनीपर्यंतचा घेरदार झगा आणि पुरुषाची उंच काळी टोपी. आपण चित्र दाखवतो, मुलं "किती भारी!" म्हणतात नाहीतर हसतात आणि आपण पुढच्या पानावर जातो. माझ्या मते खरा धडा इथेच निसटतो. ते कपडे कसे दिसत होते, एवढंच सांगून भागत नाही. ते घालून काय करता येत होतं आणि काय नाही, हेही मुलांना विचारायला हवं.

आधी थोडी उजळणी करूया. राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द 1837 ते 1901, म्हणजे त्रेसष्ट वर्षांहून जास्त. एवढ्या काळात इंग्लंडमध्ये एकच फॅशन कशी टिकेल? सुरुवातीला बायका घेर फुलवण्यासाठी एकावर एक जड परकर घालत. 1856 च्या सुमारास पोलादी कड्यांचा हलका सांगाडा आला, त्याला क्रिनोलिन म्हणत. परकरांचं ओझं कमी झालं म्हणून बायकांना तो आवडला. पण घेर इतका वाढला की दारातून जाणं अवघड झालं आणि शेकोटीजवळ झगा पेट घेऊन बायका भाजल्या. 1870 नंतर घेर पुढून सपाट झाला आणि मागे फुगवटा आला. 1890 च्या दशकात बायका सायकल चालवू लागल्या, तेव्हा कुठे कपडे थोडे सुटसुटीत झाले.

कंबर आवळणारा कॉर्सेट तर सगळ्यांना माहीत असतो. तो शिकवताना एक काळजी घ्या. कंबर बारीक दिसावी म्हणून बायका बरगड्या काढून घेत, ही गोष्ट मुलं कुठेतरी ऐकून येतात. तिला पुरावा नाही. त्या बायका वेड्या होत्या, असंही मुलांना वाटू देऊ नका. कष्टकरी बायकाही कॉर्सेट घालत आणि तो घालून दिवसभर राबत.

केसांचंही तसंच. सुरुवातीच्या काळात मधोमध भांग, कानाजवळ बटा आणि मागे अंबाडा अशी पद्धत होती. पुढे अंबाडे एवढे मोठे झाले की खोटे केस लावावे लागत. ते केस बऱ्याचदा गरीब बायकांनी विकलेले असत. लहान मुलीचे केस मोकळे आणि झगा आखूड असे. ती वयात आली की केस वर बांधले जात आणि झगा पायापर्यंत उतरे. म्हणजे केसांवरूनच कळायचं की हिचं खेळणं-बागडणं आता संपलं.

आता पुरुषांकडे वळूया. रंगीत वेस्टकोट हळूहळू मागे पडले आणि काळा-करडा कोट, पँट, टॉप हॅट असा वेश रूढ झाला. 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धानंतर सैनिकांसारख्या भरघोस दाढी-मिशांची आणि लांब कल्ल्यांची लाट आली. डोक्याला मकॅसर तेल इतकं चोपडत की खुर्च्यांच्या पाठीवर तेल लागू नये म्हणून कापड टाकावं लागे. हे सांगितलं की वर्ग हमखास हसतो! आणि हेही सांगा की लहान मुलगेसुद्धा चार ते सात वर्षांचे होईपर्यंत फ्रॉकच घालत. "हे मुलींचं, ते मुलांचं" हे कायमचं ठरलेलं नसतं, ते मुलांना यातून आपोआप समजतं.

पुरुषाच्या कोट-पँटला किती खिसे होते, ते मोजून पाहा. घड्याळ, पैसे, चाव्या, सगळ्याला जागा. बाईचा खिसा मात्र झग्याच्या घड्यांत दडलेला, आणि झगे अंगाला चिकटून बसू लागले तसा तोही अडचणीचा झाला. त्यात कायदा असा की लग्न झालेल्या बाईच्या अंगावरचे कपडेसुद्धा नवऱ्याच्या मालकीचे! 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी हे बदललं.

हे कपडे शिवले कुणी? मेरी ॲन वॉकली ही वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी 1863 मध्ये लंडनमध्ये मेली. राजघराण्याच्या समारंभासाठी झगे शिवताना ती सलग साडेसव्वीस तास काम करत होती. मटिल्डा शोयरर 1861 मध्ये मेली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. टोप्यांवरची कागदी-कापडी फुलं ती हिरव्या भुकटीने रंगवत असे. त्या रंगात आर्सेनिक, म्हणजे सोमल होता.

"मुलांना एवढं कशाला सांगायचं?" असं काही पालक म्हणतील. पाचवीच्या मुलांना नका सांगू. पण आठवी-नववीची मुलं हे समजू शकतात. आणि सगळं दुःखाचंच आहे असंही नाही. 1881 मध्ये लंडनमध्ये बायकांनीच रॅशनल ड्रेस सोसायटी काढली. आतले कपडे सात पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे सव्वातीन किलोंपेक्षा जड नसावेत, अशी त्यांची मागणी होती. जास्तीत जास्त सव्वातीन किलो! मग आधी किती वजन अंगावर असेल, याचा अंदाज मुलांनाच करू द्या.

म्हणून वर्गात चित्र दाखवलं की तीन प्रश्न विचारा. हे कपडे कुणी शिवले असतील? हे घालून पळता येईल का? एक नाणं कुठे ठेवाल? मग आपल्याच वर्गातल्या गणवेशांचे खिसे मोजायला लावा, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे. आकडे फळ्यावर लिहा आणि मुली काय म्हणतात ते शांतपणे ऐका.

आणि पालकांनो, पुढच्या जूनमध्ये लेकीचा गणवेश शिवायला टाकाल, तेव्हा शिंप्याला खिसा लावायला सांगा. चांगला हात जाईल एवढा.