कार्यासनाचा विग्रह

शासकीय पत्रव्यवहारात ‘कार्यासन’ हा शब्द नेहमी आढळतो. इंग्रजी ‘डेस्क’साठी योजलेला हा प्रतिशब्द कागदावर स्थिरावला, कचेरीत मात्र सारे ‘टेबला’विषयीच बोलतात. टेबल म्हणजे तेथे लाकडी वस्तू नव्हे. ‘पेन्शनचे टेबल’, ‘आवकजावकचे टेबल’ असे म्हटले, की तेथे बसणारा माणूस, त्याचे काम आणि त्याचा अधिकार हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दात येतात. ‘टेबलाखालून’ या प्रयोगाचा अर्थ तर सांगावयासच नको.

वस्तूचे नाव सत्तेला लाभावे, यात नवल नाही. फ्रेंच भाषेत ‘ब्युरो’ हे आधी जाडेभरडे कापड होते. ते ज्यावर पसरीत ते मेज ब्युरो झाले, मग ती खोली आणि शेवटी ‘ब्युरोक्रसी’ अवतरली. आपले ‘दफ्तर’ फारसीतून आले आणि त्याचे मूळ चामडे या अर्थाच्या ग्रीक शब्दात सापडते. पुढे ते वही झाले, कागदपत्रांचा संग्रह झाले आणि शाळकरी मुलाच्या पाठीवरही चढले. ‘दफ्तरी दाखल’ म्हणजे प्रकरण कायमचे निकालात, हा अर्थही त्याला चिकटला.

‘कार्यासना’चा विग्रह ‘कार्यासाठी आसन’ असा होतो. व्यवहारात मात्र आसन आधी आणि कार्य नंतर, असा क्रम अनेकदा दिसतो. ‘हे माझ्या टेबलाचे काम नाही’ हे वाक्य ऐकून परतणाऱ्या निवृत्त शिक्षकाला ते कोणाच्या टेबलाचे, हे सांगणे मात्र कोणाचेच काम नसते. वस्तुतः कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एकाकडे पडून राहू नये, असे राज्याच्या 2005 च्या विलंब प्रतिबंधक कायद्यात म्हटले आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने तर विहित मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्कच ठरविला.

दोष केवळ लिपिकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पदे रिकामी ठेवून एकाच माणसावर दोन-तीन टेबलांचा भार लादायचा आणि विलंबाचा जाब त्यालाच विचारायचा, ही न्यायाची रीत नव्हे. आता नस्ती संगणकाच्या पडद्यावरून फिरू लागली, म्हणून तिचा प्रवास आपोआप वेगवान होईल, हाही भ्रमच. शब्द बदलले, साधनेही बदलली. विग्रह तेवढा सरळ व्हावयाचा उरला आहे.