तळटीप वाचलीत का?



कुणाला खोकला झाला, की घराघरांत अडुळशाचा काढा उकळतो. आमच्या वाणगावच्या आसपासच्या पाड्यांवर तर कुठला पाला कशावर चालतो, हे सांगणारी जाणती माणसं आजही आहेत. आता समजा, आयुर्वेदावर निबंध लिहायचा म्हणून तुम्ही विकिपीडिया उघडलात, आणि इंग्रजी पानावर त्याला चक्क 'छद्मविज्ञान' म्हटलेलं वाचलंत! छद्मविज्ञान म्हणजे विज्ञानाचा नुसता वेश घेतलेलं. मग खोटं कोण? घरचे की विकिपीडिया?

असाच राग मोठ्यांनाही आला होता, बरं का! आयुर्वेदिक औषधं बनवणाऱ्यांची एक संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. हे पान आयुर्वेदाची बदनामी करतं, असं तिचं म्हणणं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने त्यात पडायला नकार दिला आणि सुचवलं, की तुम्हाला तो लेख संपादित करता येईल की!

हो, खरंच येतो. २००१ साली सुरू झालेला विकिपीडिया तुमच्या-आमच्यासारखी माणसंच लिहितात. मराठीतला २००३ साली सुरू झाला. पण वादाच्या पानांना पुष्कळदा कुलूप असतं. नवख्याला आपलं म्हणणं आधी चर्चापानावर मांडावं लागतं. तिथे पहिला प्रश्न येतो, "आधार काय?" 'आमच्याकडे गुण येतो' एवढं पुरत नाही. इतरांनी तपासलेला, छापलेला अभ्यास दाखवावा लागतो.

मग हा पक्षपात झाला का? दोन्ही बाजूंना सारखी जागा देणं म्हणजे न्याय, असं आपल्याला वाटतं. तिथला नियम निराळा आहे : ज्याचा पुरावा भक्कम, त्याला जागा जास्त. औषधाच्या बाबतीत मला हा नियम पटतो, कारण इथली चूक जिवावर बेतते. पण तक्रारीतही थोडं तथ्य आहे. वात-पित्त-कफ ही कल्पना विज्ञानाच्या कसोटीला उतरते का, हा एक प्रश्न. अमुक पाल्यात औषधी गुण आहे का, हा दुसरा. एकाच शब्दात दोन्ही गुंडाळले, की वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. शिवाय जे कुणी कधी लिहूनच ठेवलं नाही, त्याला तिथे जागाच नाही!

चीनमधली गोष्ट ऐका. यूयू तू नावाच्या शास्त्रज्ञ बाई हिवतापावर औषध शोधत होत्या. सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या एका वैद्यक ग्रंथात त्यांना एक वनस्पती सापडली. ती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असं तिथे लिहिलं होतं. 'उकळा' असं नव्हतं! बाईंनी ओळखलं, की जास्त उष्णतेने औषधी गुण जात असावा. कमी उष्णतेवर काढलेला अर्क १९७१ मध्ये उंदरांवर गुणकारी ठरला. १९७२ मध्ये त्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. जुनं आहे म्हणून ते औषध कुणी मानलं नाही, आणि जुनं आहे म्हणून फेकलंही नाही. आधी लिहिलेलं होतं, म्हणून तपासता आलं. तपासलं, म्हणून जगाने मानलं.

एक गोष्ट मात्र आजच पक्की करा. साप चावला, तर पाला-मंत्रात वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करून तडक सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावरची लस तपासून सिद्ध झालेली आहे.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातल्या किंवा पाड्यावरच्या जाणत्या माणसाकडून एका वनस्पतीची माहिती घ्या. नाव, कुठला भाग, किती, कशावर, कुणाकडून कळलं, सगळं तारखेसह वहीत लिहा. स्वतः काही खाऊन मात्र पाहायचं नाही हं! मग आई-बाबांना शेजारी बसवून तीच वनस्पती विकिपीडियावर शोधा. वाक्यामागचे छोटे आकडे दाबा आणि तळटीप वाचा. आधार सापडला, तर वहीत बरोबरची खूण करा. नाही सापडला, तर प्रश्नचिन्ह काढा. फुली मात्र घाईने मारू नका!